आकाशातून हजर

ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी डॉक्टर दवाखान्यातल्या टेबलापाशी केस चापूनचोपून बसवून, लॅपटॉप उघडून, ओळखपत्र हाताशी घेऊन बसले होते. उभा जन्म लोकांचे दात काढण्यात गेलेल्या या गृहस्थांना पन्नाशीत विमान चालवायचं वेड लागलं होतं. शिकाऊ वैमानिकाचा परवाना हातात पडला की उद्या सकाळी ते पहिल्यांदा एकटे विमान उडवणार होते. ही बातमी त्यांनी प्रत्येक पेशंटला ऐकवली होती. दात कोरताना ऐकवलं की समोरच्याला मध्ये बोलता येत नाही, ही त्यातली सोय. आता निम्मा गाव उद्या धावपट्टीच्या कुंपणापाशी येणार होता.

परवान्यासाठी एवढंच उरलं होतं की, तपासणी अधिकाऱ्याने व्हिडिओ कॉलवर चेहरा आणि ओळखपत्र ताडून पाहायचं. चुटकीसरशी होणारं काम. पण डॉक्टरांना पाठीमागचं कवळ्यांचं कपाट खटकलं. वैमानिकाच्या मागे कवळ्या शोभत नाहीत. म्हणून दिसेल ते बटण दाबत त्यांनी मागे ढगांतल्या विमानाचं चित्र लावलं, आणि स्वतःच्याच रुबाबावर खूश होऊन बसले.

साहेब पडद्यावर आले. मागे फाइलींनी भरलेलं भलंमोठं कपाट, चेहरा कडक इस्त्रीचा.

"कुठे आहात तुम्ही?"

"दवाखान्यात."

"मला तर विमानात दिसताय."

डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत.

"अर्जदार चालत्या वाहनात असेल तर तपासणी होत नाही. शिवाय तुम्हाला परवाना नाही. मग विमान चालवतंय कोण?"

"कुणीच नाही, साहेब. म्हणजे विमानच नाहीये. चित्र आहे ते."

"मग काढा."

इथे घोडं अडलं. लावलं कसं हे आठवत असतं, तर काढताही आलं असतं. डॉक्टरांनी एक बटण दाबलं, विमानाबाहेर सूर्य मावळला. दुसरं दाबलं, त्यांच्या डोक्यावर टोपी आली.

"टोपीपण काढा," साहेब म्हणाले.

"कॉल बंद करून परत येऊ का?"

"कॉल तुटला की वेळ रद्द. नव्याने अर्ज करायचा. दीड-दोन महिने लागतात."

डॉक्टरांना कुंपणापाशी ताटकळलेले सगळे पेशंट डोळ्यांसमोर दिसू लागले. कवळ्या दिसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? इतरांच्या अक्कलदाढा काढता काढता आपली कधी गेली, ते त्यांना कळेना. घाईघाईने त्यांनी ओळखपत्र उचलून धरलं.

"ओळखपत्र दिसत नाहीये," साहेब म्हणाले.

"हातात आहे, साहेब."

"हातही दिसत नाहीये."

"अगं, जरा ये ना इकडे," डॉक्टरांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. बायको येऊन वाकली, आणि पडद्यावर ढगांत नुसतं तिचं मुंडकं तरंगू लागलं.

"या कोण? आणि बाहेर काय करतायत?"

"मी यांची बायको. सकाळीच सांगितलं होतं यांना, साधे बसा म्हणून." तिने पडदा नीट न्याहाळला. "अहो, हे यंत्र फक्त चेहरे दाखवतंय. आणा ते इकडे." तिने ओळखपत्र घेऊन स्वतःच्या कपाळावर दाबून धरलं. ते लख्ख दिसू लागलं.

"दुसऱ्याच्या कपाळावरचं ओळखपत्र चालत नाही," साहेब म्हणाले. "आणि नियम स्पष्ट आहे. मागे खोटं चित्र असेल तर तपासणी बाद. मी अर्ज नामंजूर करतोय."

तेवढ्यात साहेबांच्या मागच्या कपाटातून, फाइलींच्या मधूनच, एका बाईचा हात बाहेर आला. हातात चहाचा कप होता. कप साहेबांपुढे ठेवून हात पुन्हा फाइलींत नाहीसा झाला.

"गार होतोय, घ्या आधी," कपाट म्हणालं.

डॉक्टरांनी ओठांवर आलेले शब्द गिळले, कारण परवाना अजून साहेबांच्या हातात होता. बायकोला परवाना नको होता.

"वहिनींना नमस्कार सांगा," कपाळावरचं ओळखपत्र सावरत ती म्हणाली.

साहेबांनी वळून कपाटाकडे पाहिलं. मग पुढे पाहिलं. घसा खाकरला.

"तुम्ही जरा त्यांच्या जवळ सरकता का?"

ती डॉक्टरांच्या गालाला गाल लावून उभी राहिली. लग्नाच्या फोटोतही दोघं इतकी जवळ आली नव्हती. साहेबांनी एकदा तिच्या कपाळाकडे, एकदा डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"जुळतंय. मंजूर. संध्याकाळपर्यंत परवाना येईल."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. गप्प बसावं की नाही? पण स्वभावाला औषध कुठलं!

"साहेब, पण ते मागच्या चित्राचं..."

"कसलं चित्र?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.