लेखक सक्रिय असेल तर

वडील गेल्यावर त्यांच्या नावाचं एकेक खातं बंद करता करता थोरलीचा हात असा बसला होता, की त्याच झपाट्यात तिने त्यांच्या वेबसाइटमध्ये शिरून त्यांच्या नावापुढे ‘निष्क्रिय’ निवडलं. बाबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले आणि म्हातारपणी त्यांवर लेख लिहिले. त्यातला एक लेख आई रोज दुपारच्या चहाबरोबर टॅबवर वाचायची.

सहज म्हणून थोरलीने साइट उघडली. पान पांढरंफटक. मधोमध एकच ओळ : ‘एकही लेख सापडला नाही.’

तिने पानाची मांडणी बदलून पाहिली. बाबांचा फोटो गेला. आणखी एक बटण दाबलं. होता तो मेनूही गेला. स्वयंपाकघरात कप वाजले, तशी तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

मावसभाऊ असलीच कामं करायचा. तिने दबक्या आवाजात फोन लावला.

“आधी सांग, कशाकशाला हात लावलास?”

“कशालाच नाही रे!”

“ताई, सगळे हेच म्हणतात. माझं पोट त्यावरच चालतं.”

त्याने तिकडून साइटच्या पोटात डोकं घातलं. बराच वेळ नुसती टकटक.

“लेख आहेत गं, सगळे जागच्या जागी. क्वेरी रिकामी परत येतेय. पान डेटाबेसकडे लेख मागतंय, पण अट अशी, की लेखक सक्रिय असेल तरच दे. काकांना निष्क्रिय कुणी केलं?”

थोरलीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ केली.

“ताई?”

“मी.”

“काय केलंस म्हणालीस?” दारात आई उभी होती, हातात कप. “जन्मात एका जागी बसले नाहीत ते, आणि तू त्यांना निष्क्रिय केलंस? कर आधी परत!”

थोरलीने ‘सक्रिय’ निवडलं. लेख भराभर उतरले. मागोमाग मावसभावाने मेनू आणि फोटोही आणून बसवला. आईने टॅब ओढून घेतला, लेखाच्या तळाशी गेली आणि तोंड वाकडं केलं.

“बघ! माझी प्रतिक्रिया अजून ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’च.”

“काय लिहिलं होतंस?”

“हेच, की गावाचे रेडिओ गातात, घरातला तेवढा अजून खरखरतोय.”

“दे इकडे, मी मंजूर करते. एका क्लिकचं काम.”

आईने टॅब छातीशी धरला.

“तू हात लावू नकोस. सवड झाली की त्यांचं ते बघतील.”