पराभवमुक्त हंगाम

आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत दर हिवाळ्यात कंपन्यांचे क्रिकेट सामने होतात. त्यांत एका पोलाद कारखान्याचा संघ यंदाही नेमाने हरत होता. कप्तान भानुदास रामटेके, मूळचा भंडाऱ्याचा, कारखान्याच्या देखभाल विभागात इंजिनिअर. शुक्रवारी हरायचं, शनिवारी अंग शेकायचं आणि रविवारी कामावर जायचं, असा त्याचा शिरस्ता. आयुष्यात एकदा तरी जिंकावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती काही गैरवाजवी नव्हती.

अडचण अशी झाली, की त्या वर्षी कारखान्यात एकही अपघात घडला नाही. सुरक्षा विभागाचे प्रमुख केयूर प्रधान दर रविवारी अपघातांची चौकशी बैठक घेत. अपघात नाही म्हणजे बैठक नाही. बैठक नाही तर विभाग कशाला, असं मस्कतच्या मुख्य कार्यालयातून कुणी विचारण्याआधीच प्रधानांनी शुक्रवारचा पराभव चौकशीला घेतला.

"रामटेके, आपण का हरलो?"

"धावा कमी पडल्या, सर."

"का?"

"लवकर बाद झालो."

"का?"

"चेंडू स्टंपांवर गेला. मी पुढे सरसावलो होतो."

"का?"

भानुदासने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मारावासा वाटला, सर."

प्रधान समाधानाने खुर्चीत मागे टेकले. मूळ कारण हाती लागलं होतं. फलंदाजांनी चेंडू मारावासा वाटू देऊ नये, असा आदेश संध्याकाळी निघाला.

पुढच्या शुक्रवारी कुणालाच काही वाटलं नाही आणि संघ जेवणाच्या आधीच हरून मोकळा झाला. त्यात दोघे झेलबाद होते. प्रधान म्हणाले, चेंडू हवेत मारणं म्हणजे उंचीवरचं काम, त्याला आधी परवाना घ्यावा लागेल. परवाना देणारा अधिकारी सीमारेषेवर खुर्ची टाकून बसला. तो सही करीपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोचलेला असे.

मग पाळी आली सिराजची. हैदराबादचा हा क्रेनचालक संघाचा एकमेव वेगवान गोलंदाज. कारखान्याच्या आवारात वेगमर्यादा ताशी वीस किलोमीटर, आणि मैदान कारखान्याने भाड्याने घेतलेलं, म्हणजे आवारच. सिराजने मर्यादा पाळली. चेंडू अर्ध्या वाटेत दमून थांबला. समोरचा फलंदाज अदबीने चालत आला आणि त्याने तो सीमेपार धाडला.

"भानुभाई," सिराज कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ये बोलिंग है या पार्सल?"

भानुदासने फक्त क्षेत्ररक्षक आणखी मागे सरकवले. डेप्युटी मॅनेजरची जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी प्रधानांची शिफारस लागणार होती. घरी तृप्तीने, त्याच्या बायकोने, सरळच विचारलं, "अहो, तुम्ही त्या प्रधानांशी बोलत का नाही?"

"बोललो ना."

"काय बोललात?"

"नियम चांगले आहेत म्हणालो."

तृप्तीने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय तिथेच संपवला.

धावबाद टाळण्यासाठी, धोक्याच्या जागी कुणी एकट्याने जायचं नाही, सोबत जोडीदार हवा, असं ठरलं. तेव्हापासून दोन्ही फलंदाज एकमेकांचा हात धरून एकाच टोकाकडे धावू लागले. प्रेक्षक वाढले. काही लोक पार दूरच्या निझव्याहून गाडी करून आले.

मग एका शुक्रवारी धुळीचं वादळ आलं आणि सामना रद्द झाला. रविवारी प्रधानांचा चेहरा उजळला होता. "या हंगामात प्रथमच आपण हरलो नाही. काय वेगळं केलंत, रामटेके?"

"गेलोच नाही, सर."

सगळ्यांना एकदमच उमगलं.

त्यानंतर दर शुक्रवारी संघ चकाकती जॅकेट आणि लोखंडी टोकांचे बूट घालून बसमध्ये बसे. बस जागची हलत नसे. दुपारी बिर्याणी खाऊन सगळे उतरत. मैदानावर समोरच्या संघाला विजयी घोषित करत असत हे खरं, पण आपण हरलो हे पाहायला आपल्यापैकी कुणी तिथे नव्हतं, असा निर्वाळा प्रधानांनी दिला. हंगामाअखेर मुख्य कार्यालयाने पराभवमुक्तीबद्दल ढाल पाठवली. भानुदास डेप्युटी मॅनेजर झाला.

पुढच्या शुक्रवारी मात्र त्याला घरात बसवेना. तो सिराजला घेऊन गावाबाहेरच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, गेला. तिथे वेल्डर मंडळी खडकांतली जागा साफ करून खेळत होती. तृप्ती चहाचा थर्मास घेऊन गाडीपाशी थांबली. भानुदास फलंदाजीला उभा राहिला. समोरच्या बाजूकडून सिराज सगळा हंगाम साठवलेला वेग घेऊन आला आणि मधला स्टंप उडून खडकापर्यंत गेला. भानुदासला मारावासा वाटला होता. तो तिथेच गुडघ्यांवर हात टेकून हसत सुटला. कित्येक महिन्यांत नवऱ्याला असं हसताना तृप्तीने पाहिलं नव्हतं. भानुदासची बाजू सपाटून हरली.

कुणीतरी व्हिडिओ काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. रविवारी चौकशी बसली.

"तुम्ही हरलात?" प्रधानांनी विचारलं.

"हरलो, सर."

"कंपनीला न कळवता?"

"सुट्टी होती, सर."

"वाईट वाटलं?"

भानुदासने खाली पाहिलं. "नाही."

"हे फार गंभीर आहे," प्रधान म्हणाले.

रामटेके यांना कप्तानपदावरून दूर करावं, असा ठराव आला. हात वर झाले. सिराजचाही झाला; पुढच्या महिन्यात त्याच्या करारनाम्याचं नूतनीकरण होतं आणि तो भानुदासकडे बघत नव्हता. ठराव एकमताने व्हायला हवा, असं प्रधानांनी सुचवलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा एका खुर्चीकडे वळल्या. भानुदासने क्षणभर आपल्या नव्या पदाचा विचार केला आणि आपलाही हात वर केला.

हे वाचताना तुम्हाला हसू आलं असेल. त्या बैठकीतल्या माणसांनाही आलं होतं. बाहेर चहाच्या मशीनपाशी येईपर्यंत त्यांनी ते दाबून धरलं, जसं तुम्ही उद्या सकाळी तुमच्या बैठकीत दाबून धरणार आहात.