प्रमाणित प्रतीनुसार सिन्नर शाखा सुरू आहे

गोदातीर फुले व भाजीपाला उत्पादक सहकारी संस्थेच्या पंचवटी येथील मुख्य कार्यालयात राउटर नावाची एक पेटी आहे आणि त्या पेटीचा बॅकअप दर शनिवारी नियमितपणे घेण्यात येत होता, ही गोष्ट सर्वप्रथम नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. पुढील हकिगत वाचताना काही उतावळ्या वाचकांच्या मनात ‘यांनी बॅकअप घेतलाच नसेल’ असा विचार येण्याचा संभव आहे. तो त्यांनी काढून टाकावा. बॅकअप मी स्वतः घेत होतो.

मी सहादू, संस्थेचा भांडारपाल. पेटी आली तेव्हा ती क्रेट, सुतळी आणि वजनकाटे यांच्याबरोबर भांडारात जमा झाली, त्यामुळे ती आपोआपच माझ्या अखत्यारीत आली. मुख्य कार्यालयातील हिशेब कोणत्या तारेने कोणत्या शाखेकडे न्यावयाचा, याचे संपूर्ण ज्ञान त्या पेटीच्या पोटात असते. या ज्ञानास महेश नावाचा आमचा कंत्राटी तंत्रज्ञ ‘कॉन्फिगरेशन’ म्हणे. आम्ही कार्यालयीन सोयीसाठी त्यास ‘मांडणी’ म्हणत असू.

पेटीस दोन स्मृती असतात. एक चालती आणि दुसरी कायमची. चालत्या स्मृतीत केलेला बदल तत्काळ लागू होतो, परंतु पेटी बंद केली की पुसला जातो. कायमच्या स्मृतीत लिहिलेले मात्र पेटी कितीही वेळा बंद केली तरी टिकते. पेटी पुन्हा सुरू झाली, की ती कायमची स्मृती वाचते आणि तेच सत्य मानून कामास लागते. हा स्वभाव केवळ पेट्यांचाच असतो असे नाही.

आरंभी संस्थेची एकच शाखा होती, ती सिन्नरला. पुढे गंगापूर रोडला पुडीतून फुले विकत घेणारी वस्ती वाढली. तेव्हा संस्थेने सिन्नर शाखा बंद करून गंगापूर रोडला विक्री काउंटर उघडला. महेशने येऊन पेटीच्या मांडणीत सिन्नरच्या जागी गंगापूर रोड घातले, काउंटर सुरू झाला, आणि मग त्याने सहज विचारले, “कायमच्या स्मृतीत लिहून टाकू ना?”

आमचे व्यवस्थापक मोतीरामभाऊ चहाचा कप बशीत ठेवून सावध झाले.

“कायम?”

“हो. एकच आज्ञा द्यायची असते.”

“महेशराव, मला कायम करायला या संस्थेला अकरा वर्षं लागली. कायम करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. तुम्ही तूर्त तात्पुरतं ठेवा.”

“पेटी बंद झाली तर जाईल, भाऊ.”

“बंद होऊ नये म्हणूनच तर आपण बॅटरी घेतली.”

विषय रीतसर सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात आला. तो दरवर्षी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शीर्षकाखाली येत असे, आणि त्याच सुमारास सभागृहाच्या दारातून जिलेबीची पातेली येत असत. बदल अशा रीतीने तात्पुरताच राहिला. सिन्नरची टेलिफोनची तार बंद करण्याचा विषयही त्याच्याच खाली असल्याने ती तारही चालू राहिली.

आता बॅकअपविषयी. आरंभी दर शनिवारी मी पेटीत त्या क्षणी जे असेल ते फ्लॉपीवर उतरवीत असे. मात्र वर्षअखेरीस लेखापरीक्षकांनी दोन फ्लॉप्यांचे छापील कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढविला.

“यंत्र एकच ना?”

“एकच, साहेब.”

“मग या प्रतीत सिन्नर आणि त्या प्रतीत गंगापूर रोड, हे कसं?”

“मध्यंतरी बदल झाला.”

“कायम?”

“तात्पुरता.”

“मग तात्पुरत्या गोष्टीची नक्कल तिजोरीत कशाला ठेवता? उद्या तात्पुरत्या शिपायाचा पुतळा उभाराल.”

त्यांनी ‘बॅकअपच्या प्रतींमध्ये गंभीर तफावत’ असा शेरा मारला. शेरा दूर करण्यासाठी संचालक मंडळाने ठराव केला, तो असा: पेटीसोबत आलेली, सिन्नरची मांडणी असलेली पहिली फ्लॉपी ही प्रमाणित प्रत समजण्यात यावी, तीवर अध्यक्षांची सही घेण्यात यावी, आणि यापुढे प्रत्येक शनिवारी त्या प्रतीचीच नक्कल काढण्यात यावी. मी त्याप्रमाणे करू लागलो. पेटीकडे जाण्याचे कारणच उरले नाही, त्यामुळे वेळेची बचत झाली. पुढील वर्षी लेखापरीक्षकांनी ‘सर्व प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळतात, व्यवस्था अनुकरणीय’ असे लिहिले. शेजारच्या दोन संस्थांची माणसे आमची तिजोरी पाहून गेली.

अशा स्थितीत सन दोन हजार चारचे नवरात्र आले.

खंडेनवमीस संस्थेची सर्व यंत्रे पूजली जातात. पूर्वी पेटीस चालत्या अवस्थेतच हळदकुंकू लावीत. त्या वर्षी नव्या अध्यक्षांनी मुद्दा काढला, की नांगर सुटल्याखेरीज त्याची पूजा होत नाही, टेम्पो उभा केल्याखेरीज त्यास हार घालीत नाहीत, मग या पेटीसच विश्रांती का नसावी? मुद्दा बिनतोड होता. मी स्वहस्ते पेटी बंद केली. तिला झेंडूचा हार घातला, आरती झाली, पेढे वाटले, आणि पेटी पुन्हा सुरू केली. तिचे सर्व दिवे हिरवे लागले. मी समाधानाने घरी गेलो.

दसऱ्याच्या सकाळी गंगापूर रोडवरून मनीषाताईंचा फोन आला. त्या काउंटरवर त्या एकट्याच सर्व काही पाहतात.

“सहादूभाऊ, संगणक पंचवटीशी बोलत नाहीये. पावती निघत नाही.”

संगणकाच्या पावतीशिवाय एक फूलही विकावयाचे नाही, असा नियम आहे. हाती लिहावयाची पावतीपुस्तके आम्ही मागेच रद्दीत दिली होती.

“धीर धरा, ताई. बॅकअप आहे.”

“धीर मी धरते, झेंडू धरणार नाही. लंकाबाईंचा टेम्पो दारात उभा आहे. घ्या, त्यांच्याशीच बोला.”

लंकाबाई गिरणारेच्या बाजूच्या. त्यांनी या एका सकाळसाठी सगळ्या वावरभर झेंडू लावला होता. दसऱ्याचे तोरण दुपारनंतर कोणी घेत नाही, आणि संध्याकाळी तोच झेंडू शेळ्यांपुढे टाकावा लागतो.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक समोर हाय, माल समोर हाय, काटा समोर हाय. मग अडलंय कशानं?”

“तांत्रिक बाब आहे, बाई.”

“तिला म्हणावं जरा सरक बाजूला. ऊन चढाय लागलंय.”

महेशला सणाच्या दिवशी घरून बोलावण्यात आले. त्याच्या कपाळावर ताजा टिळा होता. त्याने पेटीत डोकावून पाहिले आणि सांगितले, की पेटी कायमच्या स्मृतीवर गेली आहे, तिच्या लेखी आज सिन्नर आहे आणि गंगापूर रोड नाही.

“बॅकअप द्या,” तो म्हणाला.

मी अभिमानाने तिजोरी उघडली. त्याने वरची फ्लॉपी लावली, मग मधली, मग तळाची. मग त्याने माझ्याकडे पाहिले.

“काका, हे सगळं एकच आहे.”

“तंतोतंत,” मी म्हणालो.

“जाऊ द्या. माझ्या लक्षात आहे काय होतं ते. बसतो आणि टाइप करतो, तुमचा चहा येईपर्यंत काउंटर चालू.”

मोतीरामभाऊंनी त्याच्या आणि कळफलकाच्या मध्ये हात ठेवला. “लक्षात आहे म्हणजे? कोणाच्या लक्षात?”

“माझ्या.”

“त्यावर अध्यक्षांची सही आहे?”

“माझ्या डोक्यावर?”

“मग ते रिस्टोअर होत नाही, महेशराव, ती रचना होते. रिस्टोअर प्रमाणित प्रतीवरूनच करा.”

महेशने प्रमाणित प्रत पेटीत भरली. पेटीत तेच होते, त्यात तेच गेले. रिस्टोअर यशस्वी झाल्याचा दाखला मोतीरामभाऊंनी लिहविला, त्यावर महेशची सही घेतली आणि नारळ फोडला. गंगापूर रोड तरीही बंदच होते. मग मोतीरामभाऊंनी जो विचार मांडला, त्यात मला आजही कोठे छिद्र सापडत नाही. पेटी बरोबर आहे, प्रत बरोबर आहे, रिस्टोअर बरोबर आहे. अर्थात चूक काउंटरची आहे.

“दप्तरी शाखा सिन्नर आहे,” ते म्हणाले. “सहादू, एक संगणक घे आणि सिन्नरला जा. लंकाबाईंचा टेम्पो तिकडे पाठवायला सांग. पावती सिन्नरहून निघेल.”

“भाऊ, गिऱ्हाईक गंगापूर रोडला आहे.”

“ते तात्पुरतं आहे.”

महेश घरी श्रीखंड खाण्यास गेला. मी मनीषाताईंना आदेश कळविला, संगणक रिक्षात घालून स्थानकावर नेला आणि सिन्नरच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या प्रवाशाने टीव्ही केवढ्याला पडला असे विचारले.

सिन्नरच्या आमच्या जुन्या शाखेच्या जागी आता धोंडीराम यांचे केशकर्तनालय आहे. भिंतीवरून आमची तार आजही खाली येते. तिला त्यांनी कंगवे अडकविले होते. तारेच्या टोकाशी असलेल्या मोडेमवर ते ओले नॅपकिन वाळत घालीत. ही लहान पेटी बारमाही कोमट असते, पावसाळ्यात फार उपयोग होतो, अशी त्यांनी तिची प्रशंसाही केली.

“दाढी का कटिंग?” त्यांनी मला विचारले.

“मी सिन्नर शाखा आहे,” मी म्हणालो.

“बसा मग. तुमच्या आधी तिघं हायेत.”

मी कंगवे उतरविले, तार जोडली आणि संगणक आरशापुढील फळीवर ठेवला. पडद्यावर तत्काळ अक्षरे उमटली: सिन्नर शाखा, सुस्थितीत. माझे डोळे भरून आले. व्यवस्था कोठेही चुकलेली नव्हती. केवळ फुले, विक्रेती आणि गिऱ्हाईक तेवढे यावयाचे होते.

बराच वेळ झाला तरी टेम्पो येईना. मी धोंडीराम यांच्या फोनवरून गंगापूर रोडला फोन लावला.

“मनीषाताई, टेम्पो निघाला का? शाखा तयार आहे.”

“नाही निघाला. निम्मा झेंडू संपलासुद्धा.”

“संपला? पावतीविना? ताई, काउंटरवर पावतीविना विक्री करता येत नाही.”

“कोणत्या काउंटरवर, सहादूभाऊ?” त्यांचा आवाज अत्यंत शांत होता. मागे काट्याचा खणखणाट आणि ‘मला दोन किलो, मला दोन किलो’ असा गलका ऐकू येत होता. “पंचवटीच्या म्हणण्याप्रमाणे इथे काउंटर नाहीच. शटर ओढून घेतलंय, काटा फूटपाथवर आणलाय. जो काउंटरच नाही, त्याचा नियम मी कसा मोडणार?”

“आणि तुम्ही, ताई?”

“काउंटर नाही तर मी तरी कुठून असणार? ठेवते फोन, सुटे द्यायचेत.”

खुर्चीतील गिऱ्हाईक गालावर साबण घेऊन सर्व ऐकत होते. ते आरशातून मला म्हणाले, “शाखाप्रमुख, आमच्या पोरीला नोकरी लावा की तुमच्यात. बसून राहायचं काम दिसतंय.”

“बसून नव्हे,” धोंडीराम वस्तरा पुसत म्हणाले, “त्यांच्यापुढं अजून एक नंबर हाय.”

लंकाबाईंचा झेंडू दुपारच्या आत संपला. असे आमचे दप्तर म्हणत नाही, लोक म्हणतात. आदेशाप्रमाणे माल सिन्नरला गेल्याची नोंद असल्याने दप्तराप्रमाणे तो तेथेच शिल्लक आहे, आणि तो विकला जाईपर्यंत त्यांचा पुढील माल संस्था घेऊ शकत नाही. हे मी त्यांना समक्ष जाऊन समजावून सांगितले.

“नका घेऊ,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला बी तिथंच बसते मी, त्या नसलेल्या जागी. लय खपतं तिथं.”

या प्रकरणाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिचे चिटणीसपद माझ्याकडे आले. समितीने जबाबदारी निश्चित करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पेटीचा दोष नाही, कारण ती प्रतीप्रमाणे चालली. प्रतीचा दोष नाही, कारण ती प्रमाणित आहे. काउंटरवर कारवाई करावी तर तो दप्तरी नाही. मनीषाताईंना नोटीस द्यावी तर त्या नसलेल्या काउंटरवर नेमलेल्या असल्याने पत्ता काय घालावा, हा प्रश्न सुटला नाही. लंकाबाईंनी विकलेला माल अद्याप विकलाच गेलेला नाही.

ज्यांचे अस्तित्व आजवर कोणीही नाकारलेले नाही, असा एकच पक्ष समितीसमोर उरला. तो म्हणजे फुले घेणारे आपण.

त्या सकाळी आपण स्कूटर फूटपाथला लावलीत, घासाघीस केलीत, वर चार फुले जास्त टाकून घेतलीत, आणि घरी जाऊन दारास तोरण व गाडीस हार घातलात. आपल्यापैकी एकानेही पावती मागितली नाही. बंद शटरसमोर हा काटा कोणाचा, असेही विचारले नाही. समितीने आपणांस सर्वानुमते दोषी धरले आहे. तरी हे वाचताच आपण फुले घेऊन सिन्नर शाखेत समक्ष हजर राहावे आणि विक्री नियमित करून घ्यावी. धोंडीराम सांगतील त्या नंबराप्रमाणे बसावे. आणलेली फुले मात्र खरेदीच्या दिवशी होती तितकीच ताजी असावीत, कारण प्रतीत आणि मुळात तफावत आढळल्यास ती स्वीकारली जाणार नाहीत.