दत्तारामाचं गाऱ्हाणं आणि माझी बदली

महिनाभर कुरकुर करायची नाही, असं मी ठरवलं. एवढंच. रत्नागिरीला आमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, त्यात एक गृहस्थ म्हणाले की ताण कामात नसतो, बघण्यात असतो. (ते स्वतः पंख्याखाली उभे होते.) मला पटलं. मला ट्रेनिंगमध्ये सगळंच पटतं.

माझी नोकरी आंबोलीच्या एका सरकारी कचेरीत, घर मालवणात. सहा वर्षं मी शनिवारी एस्टीनं घाट उतरतो आणि सोमवारी चढतो. कंटाळलो होतो, घरी यायचं होतं. बदलीचा अर्ज साहेबांच्या खणात होता, आणि साहेब यंदा एकाच कारकुनाला खाली सोडणार होते. दुसरा उमेदवार परशुराम. तो सकाळी खुर्चीत बसायच्या आधीच कण्हायला लागायचा.

मी मात्र पार बदललो. छप्पर नेमकं माझ्या टेबलावर गळू लागलं, तर म्हटलं, बरं झालं, पाण्याला उठायला नको. फायलींना बुरशी आली, तर म्हटलं, रंग छान आहे. साहेबांनी रजा नाकारली, मी आभार मानले.

आमचा शिपाई दत्ताराम हे सगळं डोळे मोठे करून बघायचा. "भाऊ, तुमका हयसर बराच मानवला."

"मानवलं म्हणजे काय, स्वर्ग आहे रे."

तिकडे घरी आनंदीनं (माझी बायको, घरातली अक्कल तिच्या ताब्यात असते) उपाय काढला. श्रावणात आमच्या कचेरीत सत्यनारायण असतो. पूजा झाली की कुणीतरी जाणता देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत.

"दत्तारामाक तुमच्या बदलेचा गाऱ्हाणा घालूक सांगा," ती म्हणाली. "सायब हात जोडून उभो आसतलो. एकदा देवासमोर व्हय म्हणालो की मागे फिरूचो नाय."

साहेब घाटावरचे, पण देवभोळे. योजना पक्की होती. पूजेच्या सकाळी मी दत्तारामाला गाठलं. "माझ्यासाठीही एक गाऱ्हाणं घाल."

"घालतय. काय मागू?"

आता आली पंचाईत. बदली माग म्हटलं, तर इथं त्रास आहे हे कबूल करायला हवं. महिन्याचे चारच दिवस उरले होते.

"माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊकच आहे," मी म्हणालो.

"ठावक नाय तर. म्हयनोभर आयकतय मा."

आरती झाली. दत्ताराम नारळ हातात घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, सायबांच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"परशुरामभाऊंच्या कंबरेक उतार पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्ये आमचे गुरुदासभाऊ. तेंचो जीव हयसरच रमलो हा. रिटायर होयसर तेंका ह्या खुर्चेवरसून हलवू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

साहेबांचा आवाज खणखणीत लागला. त्याहून मोठा माझा. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं.

प्रसाद खाऊन साहेबांनी मला आत बोलावलं. "गुरुदास, तुमचा अर्ज फाडतोय. देवापुढे आपण कोण?"

"साहेब, पण ते..."

"आभार नकोत."

परशुरामाची ऑर्डर त्याच दिवशी निघाली. तो कण्हतच मालवणला गेला.

शनिवारी मी घरी आलो आणि आनंदीला सगळं सांगितलं. तिनं पान वाढलं. आमटीत मीठ नव्हतं. मी तेही बोललो नाही. शेवटी धीर करून म्हणालो, "हे बघ, प्रत्येक गोष्टीला एक चांगली बाजू असते. ती शोधायची."

ती उठून जाईल असं वाटलं. पण ती खरंच विचार करू लागली. बराच वेळ केला. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"आसा गो बाय, बरी बाजू आसा," ती स्वतःशीच म्हणाली. "आठवड्यातसून येकच दिस तुमी माझ्या वाट्याक. बाकीचे सा दिस दत्ताराम सोसतलो."

आणि तिनं मला आणखी भात वाढला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण इतकी प्रसन्न मी तिला कधी पाहिली नव्हती.