खेडेकर काकांची सुपरकिक

आमच्या बिल्डिंगमधले खेडेकर काका कुणाच्याही हनुवटीकडे बघत बोलायचे. समोरच्याला वाटे, जेवताना काही चिकटलंय. पण काका मनात अंतर मोजत असायचे. आपला पाय तिथवर पोचेल का, याचं.

दोन हजार सहाच्या सुमाराची गोष्ट. मीरा रोडला शांती नगरात आम्ही समोरासमोर राहायचो. काका गोदीतून निवृत्त झालेले, काकू आम्ही तिथे यायच्या आधीच वारलेल्या, घरात एकटेच. टीव्हीवरच्या फ्री-स्टाइल कुस्तीचं त्यांना वेड. त्यातही एका पैलवानाच्या सुपरकिकचं.

"प्रकाश, लाथ कोणीपण मारेल," ते मला सांगायचे. "पण पाय हनुवटीपर्यंत न्यायचा, लागू द्यायचा नाही, आणि त्याच वेळी आपल्याच मांडीवर चापट मारायची. पब्लिकला वाटतं, जबडा फुटला! कला आहे ही."

मग प्रात्यक्षिक. जिन्याचा कठडा धरून, लेंगा सावरून काका पाय उचलत. तो जेमतेम वॉचमनच्या पट्ट्यापर्यंत जाई. मांडीवरची चापट मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. "अंकल, धीरे!" वॉचमन म्हणायचा आणि काकांचं मन राखायला मान मागे टाकायचा.

एका सकाळी कठड्यावरचा हात सुटला. काका चार पायऱ्या खाली गेले आणि खुबा मोडला. त्यांना हॉस्पिटलात पोचवून मी त्यांच्या पुण्याच्या मुलाला, संदेशला, फोन केला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेले काका त्याला पहिलं काय म्हणाले असतील? "रविवारची मॅच बघितलीस का रे?"

"बघितली, पप्पा. भारी होती," संदेश म्हणाला.

मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्याच्या हनुवटीखाली जुना व्रण होता. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"बारावीला नापास झालो, त्या दिवशी मी कुस्ती बघत बसलो होतो," तो म्हणाला. "पप्पांनी निकाल बघितला आणि लाथ मारली. सात टाके पडले. मी मामाकडे पुण्याला गेलो, तो गेलोच. सहा वर्षं बोललो नाही. आई गेली तेव्हा आलो, तेव्हाही नाही."

"मग?"

"महिन्याभराने त्यांचा फोन आला. म्हणाले, 'तुझा तो लाथवाला जिंकला रे.' पप्पांना कुस्तीतलं काही कळायचं नाही. माझ्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून शिकले. तेव्हापासून दर रविवारी फोन. फक्त मॅच. मी बघणं केव्हाच सोडलंय. पण तसं सांगितलं तर ते बोलणार काय?"

मी त्याच्यासाठी चहा आणायला उठलो.

दोन दिवस राहून संदेश पुण्याला परतला. काका घरी आले तेव्हा वॉकर धरून चालत होते. मी भेटायला गेलो, तर फोन मांडीवर घेऊन बसलेले.

"शनिवारी येतोय तो. बायको, मुलगी, सगळे," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "प्रकाश, मुलीचं नाव माहीत नाही मला. झाल्याचं नातेवाइकांकडून कळलं होतं. विचारायचं राहिलं, ते राहिलंच. आता कुठल्या तोंडाने विचारू?"

"विचारा, काका. तो सांगेल."

त्यांनी नंबर लावला. मी उठू लागलो, तर माझं मनगट धरून ठेवलं.

"संदेश... पप्पा बोलतोय. नाही नाही, मॅचचं नाही." मग त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं. काकांनी फोन ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"ओवी," ते म्हणाले. "चार वर्षांची आहे."