अकरावा प्रश्न वगळून शंभर टक्के

माणसाला शिकवणं सोपं असतं. तो शिकला हे वरच्यांना पटवणं कठीण. मानवजातीच्या या जुनाट दुखण्यावर आमच्या बोईसरच्या रसायनांच्या कारखान्यात आता रामबाण उतारा सापडला आहे: ऑनलाइन प्रशिक्षणाचं पोर्टल, आणि त्यातला कस्टम रिपोर्ट.

पोर्टलचा आयता रिपोर्ट हा आयत्या सदऱ्यासारखा, कुठेतरी काखेत काचतोच. कस्टम रिपोर्ट शिवून घ्यायचा असतो. कुठले रकाने ठेवायचे, कुठले झाकायचे, कुणाला गाळायचं, हिरवा रंग किती गडद हवा, सगळं आपल्या हाती. (माप साहेबांचं घ्यायचं, कामगाराचं नाही. नवखे लोक इथेच फसतात.)

यंदा सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं झालं. पास नाही तर गेटपास नाही, गेटपास नाही तर काम नाही. कामगारांनी शिफ्टच्या बसमध्ये मोबाइलवर व्हिडिओ लावले आणि डोळे मिटून एकाग्रतेने ऐकले. (घोरण्याची नोंद पोर्टल घेत नाही.) परीक्षाही झकास दिली. फक्त अकराव्या प्रश्नाला रिअ‍ॅक्टर विभाग अख्खाच्या अख्खा आपटला, आणि तो प्रश्न अत्यावश्यक असल्यामुळे तो चुकला की पेपर नापास.

प्रश्न असा: गॅसगळती झाल्यास कुठून बाहेर पडाल? बरोबर उत्तर: मागच्या दाराने. अख्ख्या विभागाने टिक केली होती 'यापैकी नाही' वर.

प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख प्रतीक्षा मॅडम हादरल्या. सोमवारी ऑडिट, आणि पडद्यावर सगळं लालभडक. ताबडतोब उपाययोजना झाली. व्हिडिओ पुन्हा दाखवला. मागच्या दाराचं रंगीत पोस्टर छापलं. ते दारावरच लावायचं ठरलं होतं, पण दारापुढे पिंपं रचलेली असल्यामुळे पिंपांवर लावलं. फेरपरीक्षेत पुन्हा 'यापैकी नाही'.

शेवटी मॅडमनी झुंबरला बोलावलं. झुंबर बीडकडचा, रिअ‍ॅक्टरवरचा जुना माणूस. मी तेव्हा तिथेच रिपोर्टचे रंग निवडत बसलो होतो.

"झुंबरभाऊ, एवढा सोपा प्रश्न, आणि दोनदा चुकता?"

"म्याडम, त्या दाराला कुलूप हाय. म्होरं पिंपं हायेत. भाईर पडायचं कसं?"

"कुलपाचं प्रश्नात विचारलंय का?"

"नाय."

"मग?"

"पोरगी बारावीला हाय, म्याडम. गेटपास थांबवू नका. पण आत आमीच असतो ओ. तुमी दार उघडा, मी लगेच बरोबर टिक करतो."

(कुलूप का, तर पूर्वी त्या दाराने लोक चहाला सटकायचे. ते थांबल्यावर उत्पादन वाढलं. त्याचा वेगळा रिपोर्ट आहे, तोही हिरवा.)

आता मार्ग दोन होते. दार उघडायचं, तर उत्पादन, भांडार, सुरक्षा आणि प्रशासन अशा चार विभागांच्या सह्या लागणार, शिवाय पिंपं कुठे हलवायची हा प्रश्न उरणारच. कस्टम रिपोर्टला मात्र कुणाचीच सही लागत नाही. मॅडमनी अकराव्या प्रश्नाचा रकाना काढून टाकला, 'जतन करा' दाबलं, आणि रिअ‍ॅक्टर विभाग बघता बघता शंभर टक्के पास झाला. ऑडिटवाल्यांनी चहा घेऊन पाठ थोपटली. आता हाच नमुना आमच्या बाकीच्या कारखान्यांना पाठवायचं ठरतं आहे.

गेटपास त्याच रिपोर्टवरून निघाले. झुंबरने मॅडमना हात जोडले, "लई उपकार झाले" म्हणाला आणि आत कामावर गेला. त्याचे ते जोडलेले हात बघून मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू? दार अजून बंदच आहे.

वाचकहो, तुम्हाला आमचं हसू आलं असेल. येऊ द्या. झुंबरने निदान टिक तरी खरी केली होती. तुमच्या सोसायटीच्या सभेत 'आगीच्या वेळी उतरायचा जिना मोकळा आहे' या ठरावाला तुम्ही हात वर केलात ना, तेव्हा त्या जिन्यात उभा असलेला जुना कूलर कुणाचा होता?