रिकाम्या माळाची पाहणी

एका जंगलात झाडेच नव्हती, मुलांनो. नुसते गवत होते. श्रावणात हिरवे, ज्येष्ठात पिवळे, आणि बारा महिने गुडघाभर. अशा जंगलाला माळ म्हणतात.

माळावर लांडग्याचे राज्य होते. काळविटे गवत खात, लांडगा काळविटे खाई, माळढोक पक्षीण टोळ खाई. सगळ्यांचे भागत होते, म्हणून त्याला कोणी योजना म्हणत नसे.

एका ज्येष्ठात, भर दुपारी, दरबारातला कोल्हा पाहणीला आला. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. माळाच्या मधोमध उभे राहून त्याने तीनदा विचारले, "इथे कोणी राहते का?"

आता माळावरचा रिवाज असा, की कोल्ह्याने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ससे दबून राहिले. तित्तिरांनी श्वास रोखला. माळढोकीण आपल्या एकुलत्या एका अंड्यावर धोंड्यासारखी बसून राहिली. कोल्ह्यापासून ती अकरा पावलांवर होती.

कोल्ह्याने वहीत लिहिले, 'जागा रिकामी.'

रिकाम्या जागेत मका लावायचा, असे दरबारात ठरले.

"काळविटांना वर्षभर चारा मिळेल," कोल्हा म्हणाला.

"आत्ता ती काय खातात?" लांडग्याने विचारले.

"गवत, महाराज. पण ते आपोआप उगवते. त्याचा भरवसा काय धरायचा?"

रानडुकरांनी माळ उकरायला घेतला, तेव्हा माळढोकीण धावत दरबारात आली.

"भाऊसाहेब, तिथे माझे अंडे आहे. वर्षाला एकच घालते मी."

"मावशी, मी तीनदा विचारले होते."

"तुम्हाला ओ देऊन आजवर कोण जगले आहे?"

"ते जेवणाच्या वेळी. त्या दिवशी मी कामावर होतो."

पण कोल्हा दयाळू होता. त्याने अंड्याभोवती चार पावले लांब आणि चार पावले रुंद गवत सोडले. कडेला दगड रोवून त्यावर 'राखीव' असे लिहून घेतले.

मका लांडग्याच्या कानांपेक्षा उंच झाला. त्यावर अळी पडली. मग फवारणी झाली. अळी मेली, आणि टोळही मेले. त्याच आठवड्यात राखीव गवतात अंडे फुटले.

माळढोकीण पुन्हा दरबारात गेली. "पिल्लाला टोळ लागतात हो."

"टोळ ही कीड आहे, मावशी. मका घाला."

"त्याची चोच केवढी, दाणा केवढा. येऊन बघा तरी."

"मग भरडून घाला. आता सगळे दरबारानेच करायचे का?"

तिने भरडून घातला. पिल्लू सहा दिवस जगले. सातव्या दिवशी ती उडून गेली, ती कुठल्या दिशेला गेली हेही कोणी पाहिले नाही. मका उंच होता.

दुसऱ्या वर्षी वारा सुटला. गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली माती आता मोकळी होती. ती वाऱ्याबरोबर गेली. मका निम्मा आला. कोवळे धाट खाऊन काळविटांची पोटे फुगली आणि बरीच मेली. उरलेली दूरच्या डोंगरापलीकडे गेली. त्यांच्यामागे ससे गेले. तिसऱ्या वर्षी मका कसाबसा पाव हिस्सा आला.

कोल्हा अहवाल घेऊन उभा राहिला. "महाराज, आनंदाची गोष्ट आहे. या राज्यात पहिल्यांदाच धान्य शिल्लक पडले."

"पीक तर घटले ना?" लांडग्याने विचारले. त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

"पीक घटले, पण खाणारे त्याहून घटले. काळविटे गेली, ससे गेले, माळढोक मावशी गेल्या. माणशी हिशेब काढला तर आपण कुठल्या कुठे पोचलो आहोत."

"आणि मी काय खायचे?"

कोल्ह्याने अदबीने एक कणीस सोलून पुढे केले. लांडग्याने ते दाढेखाली धरले आणि बराच वेळ चावत राहिला. गिळता मात्र आले नाही. कोल्ह्याने वहीत लिहिले, 'महाराजांनी नव्या पिकाचा स्वाद घेतला.'

तात्पर्य: सगळ्यांना पुरेल इतके अन्न पिकवणे मुळीच अवघड नाही. आधी सगळे कमी करावेत.